शेपटीकडे जड

९ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तू पाठवलेले खोके काल मिळाले. आणून देणाऱ्याला वाटले की आत पडदा लावायची दांडी असावी. मलाही तसेच वाटले. उघडले तर विमान निघाले, तेही तुकड्यातुकड्यांत. पंख, धड, शेपटीचे भाग, चाके, मोटार, तिच्या पुढे लावायचा पंखा, बॅटरी, रिमोट आणि स्क्रूच्या बारीक बारीक पुड्या. सगळे टेबलावर मांडून पाहिले. काही कमी नाही.

लाकूड फार हलके आहे. धड हातात घेतले तरी काही घेतल्यासारखे वाटत नाही. सोबतच्या पुस्तिकेत लिहिले आहे की हे कसरतीचे विमान आहे, म्हणजे कोलांट्या घेणारे आणि उलटे होऊन उडणारे. माझ्या वयाच्या माणसाला तू सरळ उडणारे का पाठवले नाहीस ते कळले नाही. असो, आता आलेच आहे तर जोडतो.

तुझा मामा आला होता. खोक्यात डोके घालून म्हणाला की भाचीने म्हाताऱ्याला खेळणे पाठवले. तो माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे, हे तो सोयीने विसरतो.

माझी तब्येत बरी आहे. जेवण वेळेवर होते, झोप लागते. विशेष काही वाटत नाही. चांगले नाही आणि वाईटही नाही. तू येण्याबद्दल विचारले आहेस. एवढ्यात येऊ नकोस. इथे बघण्यासारखे काही नाही आणि घरही आवरायचे राहिले आहे.

जावईबापूंस आशीर्वाद. लोभ आहे तेवढा असू दे, वाढवण्याची घाई नाही.

तुझा,
बाबा

१७ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. यातली विशेष विनंती शेवटी करते, आधी बाकीचं.

पत्र मिळालं. फोनवर तुम्ही ‘हो’, ‘बरं’ आणि ‘ठेवू का’ एवढ्यावरच भागवता. पत्रात निदान पडद्याची दांडी तरी आली. म्हणून आता फोन नको, असंच लिहीत जाऊ.

सरळ उडणारं का नाही पाठवलं ते सांगते. दुकानदारानेही मला तेच विचारलं होतं. म्हणाला, नवशिक्यासाठी हवं असेल तर ते दुसरं घ्या, तासाभरात जोडून होतं. मला तुम्हाला तासाभराचं काम द्यायचं नव्हतं. मी त्याला म्हटलं की माझ्या वडिलांनी जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या आहेत, केसभर इकडेतिकडे झालं तरी माणूस जेवू शकत नाही असं काम. त्यांना अवघडातलं अवघड काढा. उडवायचं कुणी ते पुढचं पुढे बघू.

तुम्ही लिहिलंत की विशेष काही वाटत नाही. माझंही तसंच आहे. आई गेली तेव्हा मी कोसळेन म्हणून सगळे तयारीत बसले होते, आणि मी आल्यागेल्याला पाणी देत फिरत होते. अजून तेच चाललंय. कामावर जाते, दिवसभर चष्म्याच्या काचा उजेडात धरून तपासते, एक चरा सुटत नाही. घरी आल्यावर आज काय बघितलं विचारलं तर सांगता येत नाही. हसायच्या जागी हसते. तुमचे जावईबापू म्हणतात, तू बरोबर हसतेस पण थोडं उशिरा.

लहानपणी माझी दाढ काढली होती, आठवतं? अर्धा ओठ बधिर झाला होता आणि मी तो सारखा दातांखाली धरून बघत होते. तुम्ही म्हणालात, आता चावू नकोस, ओठ परत आला की कळेल काय केलंस ते. सध्या मी तशीच जपून आहे. काही चावत नाही.

आता विशेष विनंती. मला येऊ द्या. चार दिवस. घर मी आवरेन.

तुमचा लोभ आहे हे मला माहीत आहे, एखादे वेळी तसं लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
ठमी

२ डिसेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

विमानाचे धड, पंख आणि शेपटी जोडून झाली. शेपटीची पाती आणि पंखांच्या कडा वरखाली हलाव्यात म्हणून आत लहान लहान मोटारी बसवायच्या असतात. त्यांना सर्वो म्हणतात. त्यांच्यापासून कडांपर्यंत तारा ओढून दिल्या. तारा कुठेही घासत नाहीत.

शेपटी चिकटवण्याबद्दल पुस्तिकेत लिहिले आहे की डिंक थोडा लावा. थोडा म्हणजे किती ते लिहिलेले नाही. माणसाच्या तोंडात बसवायची वस्तू आम्ही कधी थोडी चिकटवली नाही. त्यांचा डिंक मला भरवशाचा वाटला नाही, म्हणून मी कवळीला वापरतो ती आपली गुलाबी पावडर आणि तिचा द्रव कालवून शेपटीचे सगळे सांधे भरून काढले. वाळल्यावर घासून पॉलिशही केले. आता शेपटी ओढून निघणार नाही. विमान पांढरे आहे, त्यामुळे गुलाबी रंग थोडा दिसतो. मामा म्हणाला की विमानाला हिरड्या आल्या.

पंखही असेच पक्के करणार होतो, पण मामाने हात धरला. ते बोल्टांवर राहतात, न्यायच्या वेळी काढायचे असतात म्हणे. मोकळी राहणारी वस्तू करणे मला जमत नाही.

तुझी दाढ आठवते. तू ओठ चावलाच होतास, दोन दिवस सुजला होता. बधिरपणा उतरायला कुणाला तास लागतो, कुणाला संध्याकाळ. ते माणसामाणसावर असते.

येण्याचे एवढ्यात नको. पुढच्या खोलीत सगळीकडे लाकडाचा भुसा आहे, तुला शिंका येतील. जावईबापूंस सांग की उशिरा का होईना, हसते आहे ना.

लोभ आहे. तू लिही म्हणालीस म्हणून लिहिले.

तुझा,
बाबा

९ डिसेंबर

चि. ठमे,
मामाचे अ. उ. आ. उत्तम आहेत, वजन करून दिलेत.

बाबांचं खरं काय ते कळव, असं तू लिहिलंस. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला खरं विचारलं की तो जड ते जड आणि हलकं ते हलकं सांगतो, तेव्हा वाचून घाबरू नकोस.

तब्येत ठीक आहे हे खरं. जेवतात हेही खरं, माझ्यादेखत जेवतात. पण ताई गेल्यापासून त्यांनी एकाही कवळीला हात लावलेला नाही. पुढच्या खोलीच्या दारावर ‘आज बंद आहे’ अशी पाटी आहे. तो ‘आज’ काही संपत नाही. चौकातल्या शिंप्याची खालची कवळी अर्धवट त्यांच्याकडेच पडून आहे. तो बिचारा तेव्हापासून पाव दुधात बुडवून खातो आणि मला रस्त्यात गाठून तुझ्या बाबांना देता येतील तेवढ्या शिव्या मला देतो. मी निमूट ऐकतो, नाहीतरी दातांशिवाय त्या निम्म्याच कळतात.

विमान मात्र नेमाने जोडतात. तुझी युक्ती तेवढी लागू पडली. पण ठमे, पूर्वी काम करताना हा माणूस गुणगुणायचा, बेसूर का होईना. आता एखाद्याला शिक्षा म्हणून काम दिल्यासारखा बसतो. सांधा नीट जमला तरी तोंडावर काही उमटत नाही.

आणि एक गोष्ट त्यांनी तुला लिहिली नसणार. त्यांच्या कामाच्या टेबलामागे खिडकीत एक काचेचा ग्लास आहे. त्यात ताईची वरची कवळी आहे, धातूची पट्टी घातलेली ती. रोज सकाळी उठले की चहाच्या आधी ते त्यातलं पाणी बदलतात. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, कवळी सुकली की किंचित वाकते आणि मग बसत नाही. माझी जीभ घसरली, मी म्हटलं की आता बसवायची कुणाला आहे. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे मला विचारलं की चहात साखर घेतोस का. त्या घरात मी जन्मभर चहा प्यायलोय.

तुला येऊ देत नाहीत त्याचं कारण भुसा नाही. कुणी घरात आलं की तो ग्लास उचलून ठेवील, याची त्यांना धास्ती आहे. आणि मला धास्ती ही की हा माणूस रोज पाणी बदलता बदलता असाच संपून जाईल आणि आपल्याला कळणारही नाही. ती माझी बहीण होती. मलाही अजून काही नीट वाटलेलं नाही, पण मी निदान शिंप्याच्या शिव्या खातो.

लोभ काटा मारून दिलेला नाही, पुरा आहे.

तुझा,
मामा

१६ डिसेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

शिंप्याला माझ्यातर्फे नमस्कार सांग आणि मऊ पाव घेऊन दे.

ग्लासाबद्दल वाचून मला रडू यायला हवं होतं. मी पत्राची घडी केली, डब्यात ठेवली आणि भांडी घासायला घेतली. भांडी घासताना एकच विचार आला की पाणी गार घेत असतील की कोमट. एवढंच.

त्या ग्लासाला हात लावू नकोस, आणि दुसऱ्या कुणाला लावू देऊ नकोस. त्यांचं ते एकच काम आईसाठी उरलंय.

मला भीती दुसरीच वाटते. विमान जोडून झालं की त्यांना पुढे काय? ते शोभेसारखं कपाटावर जाऊन बसलं तर माझी युक्ती वाया गेली. काहीही करून ते उडव. उडवणारं माणूस शोध, तुला सगळा गाव ओळखतो, निदान शिव्या देण्यापुरता तरी. ते विमान त्या खोलीतून बाहेर पडलं तर कदाचित तेही पडतील.

माझ्या वाटचा लोभही तूच बाबांना दे, माझ्याकडून पोचेनासा झालाय.

तुझी भाची,
ठमी

५ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझे नव्या वर्षाचे कार्ड मिळाले. इकडे विजेचे काम संपवले. बॅटरीच्या तारांचे सांधे डाख देऊन जोडले, त्यात मला काही शिकावे लागले नाही. जोडण्याचा क्रम मात्र ठरलेला आहे. आधी रिमोट चालू करायचा, त्याची वेग वाढवायची कांडी तळाला आहे ना ते पाहायचे, आणि मगच विमानात बॅटरी जोडायची. उलट केले तर मोटार आपल्या मनाने फिरू शकते.

बॅटरी जोडली तेव्हा विमानाने बारीक शिट्ट्या मारल्या. बॅटरी नीट लागली हे ते असे सांगते. घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी आवाज करण्याची सवय राहिली नव्हती, त्यामुळे मी मागे वळून पाहिले.

मोटार पहिल्यांदा उलटी फिरली. तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की सुलटी फिरते. तसे केले. मग वेग वाढवून पाहिला. थोडी धूळ उडाली, बाकी सर्व ठीक.

एक अडचण आहे. विमान तोलून पाहायचे असते. दोन्ही पंखांखाली खुणेवर एकेक बोट ठेवून उचलायचे. सरळ राहिले पाहिजे. आपले शेपटीकडे खाली जाते. हिरड्या जड झाल्या. मी घट्टपणाचा विचार केला, वजनाचा केला नाही. बॅटरी जाईल तितकी पुढे सरकवली, तरी तेच. शेपटी जड असलेले विमान हवेत सांभाळता येत नाही, आपोआप नाक वर करते आणि पडते. आता शेपटी खरवडली तर मोडेल. मामाने आपली लहान पितळी वजने आणून नाकावर एकेक ठेवून पाहिली. पस्तीस ग्रॅमच्या आसपास वजन नाकात घालावे लागेल. तो शिशाचा तुकडा आणणार आहे.

येण्याचे एवढ्यात नको. खोली पुसून काढायची आहे.

लोभ होता तसा आहे.

तुझा,
बाबा

८ जानेवारी

चि. ठमे,
मामाचे अ. उ. आ.

बाबांनी तुला ‘थोडी धूळ उडाली’ असं लिहिलं असणार. मी पैज लावतो. आता घडलं ते ऐक.

पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलंय की घरात मोटार तपासताना पुढचा पंखा काढून ठेवा. तुझ्या बाबांनी तो आधीच असा आवळून ठेवला होता की त्यांचा त्यांनाच निघेना. मग असू दे तसाच, असं ठरलं. ठरवणारे ते आणि मान हलवणारा मी, म्हणजे दोघेही एकाच मापाचे गाढव. विमान चादरीच्या पट्ट्यांनी टेबलाला बांधलं. नाक आमच्याकडे नको म्हणून दाराकडे केलं. त्यामुळे शेपटी आली खिडकीकडे, आणि खिडकीत तो ग्लास.

बाबांनी कांडी पुढे ढकलली. ठमे, एवढ्याशा मोटारीत इतका वारा असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. टेबलाखालची साच्यांच्या प्लास्टरची पिशवी उघडी होती, ती सगळी हवेत. खोली पांढरी, आम्ही पांढरे. ग्लास हलला आणि खिडकीच्या कडेकडे सरकायला लागला. तुझ्या बाबांनी हातातला रिमोट जमिनीवर टाकला आणि ग्लासावर झेप घेतली. त्या रिमोटची वेगाची कांडी सोडली तरी मागे येत नाही, ढकलली तिथेच राहते. विमान टेबल ओढायला लागलं. मी रांगत जाऊन, धुळीत चाचपून ती कांडी खाली ओढली. माझे गुडघे अजून दुखतात.

धूळ बसल्यावर बघतो तर ते कोपऱ्यात खाली बसलेले, ग्लास छातीशी धरलेला, आणि आत कण जाऊ नये म्हणून त्यावर पंजा झाकलेला. डोळ्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. मी विचारलं की लागलं का. ते म्हणाले, पाणी सांडलं नाही. मग उठले, ग्लास जागेवर ठेवला आणि झाडू आणायला गेले. मी पंखा फिरताना घाबरलो नव्हतो एवढा त्या वाक्याला घाबरलो.

तू सांगितलेलं काम मात्र झालंय. वीटभट्टीच्या मागच्या रिकाम्या मैदानात रविवारी काही लोक अशी विमानं उडवतात. त्यांत एक बाई सगळ्यांत तरबेज. इस्पितळात भूल देणारी डॉक्टर आहे. सहा दिवस माणसं झोपवते आणि सातव्या दिवशी विमानं उलटीपालटी करते. तिने आपलं उडवून द्यायचं कबूल केलंय. अट एकच, विमानाचा तोल बरोबर पाहिजे. शिसं मी कापून ठेवलंय.

लोभ आहेच, गुडघ्यांत कळ येतेय म्हणून पत्र इथेच आटपतो.

तुझा,
मामा

१८ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मामाने मला ग्लासाबद्दल सांगितलंय. त्याच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं होतं.

आईने पहिल्या दोन कवळ्या मोरीत धुताना पाडून फोडल्या, ते आठवतं? तिसरीत तुम्ही वैतागून धातूची पट्टी घातलीत. ती म्हणाली, तोंडात कुलूप बसवलंत. तुम्ही म्हणालात की बसवलंय खरं, पण किल्ली विसरलो. त्यावर ती इतकी हसली की कवळी काढून हातात घेतली आणि मग नीट हसली. मी जेवायची थांबले होते. मला हे सगळं स्पष्ट दिसतं, तिचा आवाजही ऐकू येतो, आणि तरी आत काही हलत नाही. काचेपलीकडचं बघितल्यासारखं. चरा कुठे आहे तो मला सापडत नाही.

तो ग्लास मी उचलणार नाही. पाणी बदलू नका असंही म्हणणार नाही. पुसायची खोली तशीच राहू द्या, मी प्लास्टरमध्ये बसेन. मला ग्लास बघायला यायचं नाही, तुम्हाला बघायला यायचंय. तुम्ही दर पत्रात नको म्हणता आणि मी दर पत्रात विचारते, आता आपण दोघंही यात पटाईत झालोय.

विमान उडालं की कसं उडालं ते लिहा. ‘ठीक उडाले’ असं लिहिलंत तर मी पत्र परत पाठवीन.

लोभ मागत नाही, बातमी मागते.

तुमची,
ठमी

६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र परत येऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

मामावर रागावलो नाही. रागवायला जे लागते ते इतके दिवस माझ्याकडे नव्हते.

त्याने शिशाचा तुकडा आणून दिला. मी तो हातात घेऊन बराच वेळ बसलो. मग काय केले ते सरळ लिहितो. ग्लासातून तुझ्या आईची कवळी काढली, पुसली आणि मामाच्या काट्यावर ठेवली. शिशाच्या तुकड्याइतकीच भरली. मी मामाला म्हणालो की मी फक्त वजन पाहिले. त्याने मान डोलावली. खोटे वजन तो लगेच ओळखतो. शिसे त्याने खिशात घातले.

विमानाच्या नाकात बॅटरीच्या शेजारी थोडी जागा आहे. तिथे कवळी मेणात बसवली आणि वरून पट्टा आवळला. पुन्हा दोन बोटांवर विमान उचलले. सरळ राहिले. इकडे नाही, तिकडे नाही.

रविवारी मैदानावर गेलो. डॉक्टरीणबाई बुटक्या आहेत, टोपी घालतात आणि कमी बोलतात. त्यांनी विमानाचे सगळे सांधे ओढून पाहिले, गुलाबी शेपटीकडे पाहिले, पण हसल्या नाहीत. नाकावरचे झाकण उघडून बॅटरी जोडली तेव्हा त्यांना कवळी दिसली असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि झाकण लावले. रिमोट त्यांच्या हातात होता. मी नुसता उभा होतो. विमान थोडे धावले आणि वर गेले. मला वाटले होते की धावायला तरी वेळ घेईल.

त्यांनी दोन सरळ फेऱ्या मारल्या आणि विचारले की एवढे पुरे का. मी म्हणालो की ज्यासाठी बनवले आहे ते सगळे करा. मग त्यांनी ते सरळ वर नेले, मोठा गोल घेतला, कुशीवर वळवले आणि उलटे करून आमच्या डोक्यावरून नेले. उलटे असताना माझ्या डोक्यात एकच विचार होता की कवळी सुटेल का. मग आठवले की माझ्या हातची आहे, सुटत नाही. मामा शेजारी तोंड उघडे टाकून पाहत होता. पुटपुटला की ताईला पाळण्यात बसवले तर ती ओरडून सगळी जत्रा गोळा करायची. ते खरे आहे.

रिमोट वाजू लागला. बॅटरी संपत आल्याची ती खूण. बाईंनी विमान हळू उतरवून माझ्या पायांपर्यंत आणले. बॅटरी लगेच काढायची असते, म्हणून मी झाकण उघडले, पट्टा सोडला आणि कवळी हातात घेतली.

ठमे, ती गरम होती. इतक्या कसरतीत बॅटरी तापते आणि तिच्या शेजारी ती बसलेली होती. इतके दिवस मी रोज तिला गार पाण्यात हात लावत होतो. आता हातात आली ती आत्ताच तोंडातून काढून दिल्यासारखी ऊबदार. धुवून ठेवा म्हणून हातात द्यायची तशी. मी मान वर करून पाहिले. खरोखर पाहिले, कुणी दिली म्हणून.

ती गेली हे मला माहीत होते. सगळ्यांना कळवले होते, कागदांवर सह्या केल्या होत्या. पण कळले मला त्या मैदानावर. मी गवतात बसलो आणि रडलो. थोडा वेळ नाही, पुष्कळ रडलो. तुझा मामा पाठ करून उभा राहिला आणि वीटभट्टीच्या धुराने डोळे झोंबतात म्हणाला. भट्टी बंद होती. नंतर त्याने बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या की भूल उतरताना माणसे अशीच करतात, त्यांना सवय आहे.

अजूनही दुखते आहे. हात, छाती, जबडासुद्धा. तुला लहानपणी सांगितले होते ते खरे आहे, परत आले की कळते. पण जेवणाला चव लागते आहे. काल शिंप्याची कवळी पूर्ण करून नेऊन दिली. त्याने ती घातली आणि मला पहिल्याच दमात सगळ्या शिव्या स्पष्ट दिल्या. कवळी चांगली बसली आहे.

तुझ्या आईची परत पाण्यात ठेवली नाही. कापसात गुंडाळून तिच्या शिवणाच्या डब्यात ठेवली. आता ती थोडी वाकेल. वाकू दे. विमानाच्या नाकात मामाचे शिसे घातले आहे.

तुझ्यावर लोभ आहे. हे मी आधीच लिहायला हवे होते.

तुझा,
बाबा

ता. क. तो काचेचा ग्लास घासून बाकीच्यांबरोबर फडताळात ठेवला आहे. तू, जावईबापू, मामा आणि मी, असे चार लागतील. एक कमी पडत होता.